पवनचक्की पाहावी कशी?

सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या घराघरांतून प्रवासाचे बेत होऊ लागतात. आजोबांस देवदर्शन हवे असते, तरुण मंडळींस थंड हवा हवी असते, मुलांस पाण्यात डुंबावयाचे असते, आणि घरातील गृहिणीस चार दिवस चुलीपासून सुटका मिळाली तरी पुष्कळ झाले असे वाटत असते. या सर्वांच्या इच्छा एका मोटारीत बसविणे हे एकत्र कुटुंबातील कर्त्या माणसाचे कौशल्य होय. अलीकडे या बेतांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. डोंगरमाथ्यावरील पवनचक्क्या, माळावर पसरलेली सौरविजेची शेते, शेणाच्या अगर खरकट्याच्या वायूवर चालणारी स्वयंपाकघरे, ही स्थळेही लोक वाट वाकडी करून पाहावयास जातात. शाळा तर अशा सहलींस ‘शैक्षणिक’ हे विशेषण आवर्जून लावतात. विशेषण चांगले आहे. परंतु विशेषणास विशेष्याचा आधार लागतो, हे व्याकरण आम्ही उभा जन्म शिकविले असल्यामुळे, या सहलींत शिक्षण नेमके कोठे असते ते शोधण्याची आम्हांस खोडच लागली आहे. या महिन्यात त्याचाच विचार करू.

उदाहरण घरचेच घेऊ. साताऱ्याहून सज्जनगडास जाऊन समर्थांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, पुढे ठोसेघरचा धबधबा पाहावा, आणि तसेच वर चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन पवनचक्क्या पाहून परत फिरावे, हा एका दिवसाचा प्रवास आमच्या पुष्कळ वाचकांनी केला असेल. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांपासून या भागातील पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. मोटार थांबते, मंडळी उतरतात, वाऱ्याने उडणारे पदर व टोप्या सांभाळीत छायाचित्रे काढतात, भाजलेली कणसे खातात, व निघतात. रात्री घरी आल्यावर मुलास कोणी विचारावे की, बाळ, त्या चक्कीतून वीज कशी निघते? ती कोठे जाते? शेजारच्या दहा फिरत असता एकच चक्की स्तब्ध का उभी होती? मुलाजवळ उत्तर नसते; आणि खरे सांगावयाचे तर विचारणाऱ्याजवळही नसते. चक्की म्हणजे दळण्याचे यंत्र. ही चक्की तर धान्याचा एक दाणाही दळीत नाही, मग हिला चक्की का म्हणावे, एवढा साधा प्रश्नही कोणास सुचलेला नसतो.

यात दोष प्रवाशांचा आहे असे आम्ही म्हणत नाही. शिकावे अशी त्यांची इच्छा असते. शिकविण्याची तजवीज तेथे कोणी केलेली नसते. वस्तू दाखविली की ज्ञान झाले, असा एक गोड गैरसमज आपल्या शिक्षणात खोल रुजलेला आहे. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्षाला प्रमाणांत पहिले स्थान दिले हे खरे, परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. लगेच पुढची पायरी म्हणून अनुमान सांगितले. डोळ्यांनी धूर पाहिला एवढ्याने अग्नी कळत नाही. मधला विचार पाहणाऱ्यानेच करावा लागतो. ‘तीर्थ’ या शब्दाकडेही पाहा. तो ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूपासून झालेला असून, त्याचा मूळ अर्थ नदीचा उतार, जेथून पाण्यात शिरून पलीकडच्या तीरास जाता येते ती जागा, असा आहे. जेथे आपण गेलो व जसे गेलो तसेच परत आलो, ते स्थळ कितीही रम्य असो, या अर्थाने तीर्थ नव्हे.

आणि गंमत अशी की, प्रत्यक्ष तीर्थाच्या ठिकाणीही ही नवी विद्या भक्तांच्या डोक्यावर येऊन बसली तरी त्यांस कळले नाही. २००९ साली शिर्डीच्या संस्थानाने आपल्या प्रसादालयावर सूर्याचे ऊन एकवटून वाफ करणाऱ्या ७३ मोठ्या तबकड्या बसविल्या. हजारो लोकांचा भात व आमटी या वाफेवर शिजविता यावी, अशी ही योजना होती. त्या पंगतींतून जेवून उठलेल्या भक्तांपैकी आपल्या पानातील भात सूर्याने शिजविला आहे हे जाणणारे कितीसे असतील? अन्न पोटात गेले, पण धडा गच्चीवरच राहिला.

असे न होता, पाहणाऱ्यास खरोखर काही शिकविता येते काय? ज्यांनी हा उद्योग मनापासून केला अशा दोन ठिकाणांची हकीकत आम्ही येथे देतो. दोन्ही परदेशातील आहेत; परंतु त्यांतून निघणारे तात्पर्य आपल्या पठारासही लागू पडेल.

पहिले ठिकाण वेल्समधील. इंग्लंडच्या पश्चिमेस लागून असलेल्या या डोंगराळ मुलखात माखन्लेथ नावाचे एक लहान गाव आहे. त्याच्या जवळ पाटीच्या दगडाची एक जुनी, ओसाड पडलेली खाण होती. १९७३ साली जेरार्ड मॉर्गन-ग्रेनव्हिल या गृहस्थाने तेथे काही उत्साही मंडळी जमविली. वारा, पाणी व ऊन यांवर आपल्या गरजा भागवून राहता येते की काय, हे स्वतः राहून पाहावे, असा त्यांचा हेतू. ही विक्षिप्त माणसे करतात तरी काय, हे पाहावयास लोक येऊ लागले. तेव्हा १९७५ पासून त्यांनी आपले दार रीतसर लोकांस उघडले, आणि ‘पर्यायी तंत्रविद्येचे केंद्र’ म्हणून ते स्थळ नावारूपास आले.

त्यांच्या पुष्कळ युक्त्यांपैकी एकच सांगतो. खाण उंच कड्यावर. पाहुण्यांस वर न्यावयाचे कसे? १९९२ साली त्यांनी तेथे एक कड्याची आगगाडी बसविली. आगगाडी हा शब्द केवळ सवयीने लिहिला, कारण तीत आगीचा संबंधच नाही. एका दोराच्या दोन टोकांस दोन डबे. एक वर, एक खाली. वरच्या डब्याच्या पोटातील टाकीत पाणी भरावयाचे. तो जड झाला म्हणजे खाली येऊ लागतो व आपल्या भाराने खालच्या डब्यास, आतील माणसांसह, वर ओढून नेतो. खाली आल्यावर पाणी सोडून द्यावयाचे, की पुन्हा तोच क्रम. आपल्याकडील विहिरीच्या रहाटाचे दोन पोहरे ज्याने पाहिले आहेत त्यास हे तत्काळ कळेल. येथे शिकविण्याची खरी हातोटी अशी की, पाहुण्यास फलक वाचावयास लावण्याच्या आधीच धड्यात बसविले आहे. उंचावरच्या पाण्यात शक्ती असते हे वाक्य त्याने पाठ करावयाचे नाही. त्या शक्तीने त्याचा स्वतःचा देह वर उचलून नेला आहे. तो वर पोहोचतो तो मनात प्रश्न घेऊनच.

या हकीकतीचा उत्तरभाग मात्र गोड नाही. खर्च वाढत गेले, महामारीनंतर पाहुण्यांची संख्या पूर्ववत् झाली नाही, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्या केंद्राने रोजच्या प्रेक्षकांसाठी आपले दार बंद केले. तेथील पदव्युत्तर वर्ग, अल्प मुदतीचे शिक्षणक्रम व आगाऊ ठरवून येणाऱ्या मंडळींच्या भेटी चालू ठेवण्यात आल्या. परंतु तिकीट काढून सहज आत शिरणाऱ्या कुटुंबाची वाट त्या वेळी तुटली. अट्ठेचाळीस वर्षे चाललेली ही शाळा लोकांस नकोशी झाली असे नव्हे. पण शिकविणे हे काम तिकिटाच्या पैशावर तगणे किती कठीण असते, हे त्यावरून दिसून आले. आपल्याकडे कोणी अशी स्थळे काढू म्हणेल त्याने ही गोष्ट पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

दुसरे ठिकाण डेन्मार्कमधील साम्सो नावाचे बेट. क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर, वस्ती चार हजारांच्या आसपास. १९९७ साली डेन्मार्कच्या सरकारने एक स्पर्धा लावली की, जे बेट आपली सर्व गरज दहा वर्षांत वारा, ऊन, काडीकचरा अशा न सरणाऱ्या साधनांतून भागविण्याची उत्तम योजना देईल त्याची निवड करू. साम्सोची निवड झाली. २००० सालापर्यंत जमिनीवर एकेक मेगावॉटच्या अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि २००३ पर्यंत समुद्रात आणखी दहा मोठ्या चक्क्या आल्या. शेतात उरलेला पेंढा जाळून पाणी तापवावयाचे व ते नळांतून घरोघर खेळवावयाचे, अशा सार्वजनिक भट्ट्याही बांधल्या.

हे सर्व लोकांच्या गळी उतरविण्याचे काम ज्याने केले तो सोरेन हेर्मान्सेन हा त्याच बेटावरचा शेतकऱ्याचा मुलगा व पेशाने शिक्षक, म्हणजे आमचा व्यवसायबंधूच. त्याने प्रथम यंत्राची गोष्ट काढली नाही, मालकीची काढली. जमिनीवरील अकरा चक्क्यांपैकी नऊ बेटावरील शेतकऱ्यांनी स्वतः घेतल्या व दोन सहकारी भागांवर उभ्या राहिल्या. शेजाऱ्याच्या चक्कीचा आवाज त्रास देतो. आपल्या चक्कीचा आवाज उत्पन्नाचा वाटतो, हा मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. २००७ साली त्यांनी तेथे ऊर्जेची एक पाठशाळा बांधली, आणि देशोदेशींचे लोक तीत येऊ लागले.

या पाहुण्यांस साम्सोचे लोक काय सांगू शकतात, हे फार महत्त्वाचे आहे. मोटारी व मुख्य भूमीशी ये-जा करणारी नाव यांस तेल लागतच राहिले; समुद्रातील चक्क्यांची जादा वीज बाहेर पाठवून त्या तेलाची केवळ हिशेबी भरपाई केली गेली. वारा पडला म्हणजे समुद्राखालच्या तारेतून मुख्य भूमीची वीज घ्यावी लागते. ‘आम्ही स्वयंपूर्ण झालो’ या वाक्यातील अर्थ किती खरा व किती हिशेबी, हे असे उघडे करून सांगितले म्हणजे पाहुणा दिपून जात नाही, परंतु शहाणा होऊन जातो. दिपलेला मनुष्य घरी गेल्यावर विसरतो. शहाणा झालेला मनुष्य घरी गेल्यावर विचारू लागतो.

या दोन हकीकतींवरून आमच्या मते अशा स्थळाच्या रचनेचे सूत्र एकच निघते: पाहणाऱ्याच्या हातून काही करवून घ्यावे, आणि त्याच्यापुढे संपूर्ण जमाखर्च मांडावा, जमेची बाजू तेवढी दाखवू नये. आता हे सूत्र घेऊन पुन्हा आपल्या चाळकेवाडीकडे वळू, आणि तेथील एक दिवस कसा आखावा ते पाहू. यास सरकारची परवानगी अगर मोठी इमारत लागत नाही. घरातील एका जाणत्या माणसाने आदल्या रात्री अर्धा तास दिला म्हणजे पुरे.

आरंभ घरीच करावा. मुलांकडून विजेचे बिल आणवून गेल्या महिन्यात किती युनिटे जळली तो आकडा एका वहीत लिहून घ्यावा. एक युनिट म्हणजे एक हजार वॉटची इस्त्री एक तास चालविण्यास लागते तितकी वीज, एवढे सांगावे. दुसरे दिवशी सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना मुले धापा टाकू लागली की मग हिशेब सांगावा. साठ किलो वजनाच्या माणसाने शंभर मीटरांचा चढ चढला तर त्याच्या देहाचा भार वर नेण्याचे जे काम होते, ते एकसष्ट वेळा करावे तेव्हा कोठे एका युनिटाएवढे होते. आपल्या वहीतील आकडा जर दोनशे असेल, तर किती वेळा गड चढावा लागेल? हा गुणाकार मुलाने पायरीवर बसून स्वतः करावा. विजेचा दिवा विनाकारण जळत ठेवू नये असे आम्ही वर्गात शेकडो वेळा सांगितले असेल. या एका गुणाकाराने ते अधिक चांगले समजते.

पठारावर पोहोचल्यावर चक्कीपासून योग्य अंतरावर, रस्त्याच्या कडेसच थांबावे. ती खाजगी मालमत्ता असते व तिच्या पायथ्याशी जाणे धोक्याचे असते. एका मुलाच्या हाती घड्याळ द्यावे, दुसऱ्याने एका पात्यावर नजर ठेवून मिनिटास किती फेरे होतात ते मोजावे. पाते २० मीटर लांब असेल व मिनिटास २० फेरे होत असतील, तर त्याचे टोक ताशी सुमारे १५० किलोमीटर वेगाने धावत असते. खालून पाहणाऱ्यास ते आळसावलेले वाटते! डोळ्यांस जे संथ दिसते ते गणितात वादळी निघते, हा धडा केवळ पवनचक्कीपुरता नाही.

मग वाऱ्याचा मुख्य नियम सांगावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. आणि वेग निम्म्यावर आला तर ती आठव्या हिश्श्यावर येते. चक्क्या गावात न उभारता उघड्या डोंगरमाथ्यावर का उभारतात, व आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांतच त्यांचे मुख्य पीक का निघते, याचे उत्तर या एका नियमात आहे. हाच नियम पुढे न्यावा. एक मेगावॉटची चक्की वर्षाचे सर्व तास पूर्ण जोराने फिरली तर ८७ लाख ६० हजार युनिटे देईल. परंतु वारा काही आमचा चाकर नव्हे, त्यामुळे साधारणतः चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढेच हाती येते. चौथा हिस्सा धरला तरी २१ लाख ९० हजार. दरमहा दोनशे युनिटे जाळणाऱ्या सुमारे नऊशे घरांची वर्षाची गरज ती एक चक्की भागविते, परंतु त्यांस हवी त्या वेळी नव्हे. हे ‘परंतु’ मुलांच्या वहीत अधोरेखित करून घ्यावे. कारण साठवणुकीचा सारा प्रश्न त्या एका शब्दात आहे.

आता ती स्तब्ध उभी असलेली चक्की. चतुर शिक्षकाने प्रथम तिच्यासमोरच मोटार थांबवावी, असे आम्ही म्हणू. चालणारे यंत्र कौतुक उत्पन्न करते. थांबलेले यंत्र प्रश्न उत्पन्न करते. वारा फार मंद असेल, फार सोसाट्याचा असेल म्हणून मुद्दाम थांबविली असेल, काही मोडले असेल, अगर तयार झालेली वीज घेण्यास तारा त्या वेळी समर्थ नसतील. यांपैकी कोणते कारण असावे हे इतर चक्क्यांकडे पाहून मुलांनी तर्काने ठरवावे. शेजारच्या सर्व फिरत असतील तर पहिली दोन कारणे बहुधा गळतात. सर्वच थांबल्या असतील तर दुरुस्तीचे कारण मागे पडते. अनुमान म्हणतात ते याहून निराळे काय?

चक्कीच्या नावाचाही उलगडा येथेच करावा. पूर्वी इराणात, व पुढे हॉलंडात, वाऱ्यावर फिरणारी यंत्रे खरोखरच धान्य दळीत असत. दळण गेले, नाव राहिले.

पठारावरील धडा इतक्याने संपत नाही. जमाखर्चातील खर्चाची बाजू अजून राहिली. या खडकाळ सपाटीवर एक लहान सरडा राहतो. विणीच्या दिवसांत नर आपल्या गळ्याखालची निळी, काळी व नारिंगी पिशवी पंख्यासारखी पसरून दाखवितो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांच्या गोत्राचे नवे नामकरण केले, आणि त्यास चक्क आपल्या मराठीतील ‘सरडा’ हेच नाव दिले! जगाच्या शास्त्रीय नामावळीत आपल्या बोलीचा हा एक शब्द या पठारांनी पोहोचविला, ही गोष्ट साताऱ्याच्या मुलास ठाऊक असू नये काय?

या सरड्याचा व चक्क्यांचा संबंध बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व तिच्या सहकारी संशोधकांनी चाळकेवाडीसच अभ्यासून २०१८ साली प्रसिद्ध केला. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी चक्क्यांच्या भागापेक्षा सुमारे चौपट आढळले. चक्क्यांच्या भागात शिकारी कमी झाल्याने सरडे वाढले, त्यांचे भय कमी झाले, व माणूस पुष्कळ जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. म्हणजे चक्क्यांनी हवेत धूर सोडला नाही हे खरे. परंतु आकाशातील ससाणा दूर केला, आणि त्याचा परिणाम जमिनीवरच्या सरड्याच्या स्वभावापर्यंत पोहोचला. म्हणून चक्क्या वाईट असे कोणी समजू नये. कोळशाचा खर्च याहून फार मोठा आहे. परंतु निसर्गाच्या दुकानात फुकट काही मिळत नाही, हे ज्या सहलीत सांगितले जात नाही ती शैक्षणिक सहल नव्हे, जाहिरात होय. अशा जाहिरातीवर वाढलेला मुलगा पुढे पहिल्याच आक्षेपाने गोंधळतो, व सर्वच थोतांड आहे असे म्हणू लागतो. त्यापेक्षा दोन्ही बाजू लहानपणीच दाखविलेल्या बऱ्या.

आपण म्हणाल, गुरुजी, एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या मुलांस काही पवनचक्की उभारावयाची नाही. यावर आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. तीन भाऊ, त्यांचे वृद्ध वडील, असे भरले घर. मंडळी प्रवासात एके ठिकाणी सौरविजेचे मोठे शेत पाहून आली व प्रसन्न झाली. परत आल्यावर एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या गच्चीवर तसेच तावदान बसविले. वडिलांनी ठेवीतून पैसे काढून दिले. वीज अपेक्षेच्या पुष्कळच खाली. कारण शोधता असे दिसले की, दुपार कलली की शेजारच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीची सावली दोन तावदानांवर पडते. आणि ती एका साखळीत जोडलेली असल्याने त्या दोहोंची मंदी साऱ्या रांगेस बाधते. त्या घरात त्यानंतर कित्येक महिने जेवताना विजेचा विषय निघाला की पाने तशीच टाकून माणसे उठत. धाकट्याचे म्हणणे, थोरल्याने घाई केली. थोरल्याचे म्हणणे, कोणी विचारले का नाही? वडील दोघांचेही ऐकून मुकाट असत. पुढे तावदानांची मांडणी बदलून घेतली तेव्हा पुष्कळसे निभावले. परंतु घरातील शब्दांस जो तडा गेला त्यास दुरुस्ती लवकर सापडली नाही.

त्या मोठ्या शेतात त्यांनी शेकडो तावदाने पाहिली होती. त्यांतील एकीवर हाताची सावली धरून मापकाचा काटा कसा पडतो, एवढे जर कोणी त्यांच्या हातून करवून घेतले असते, तर तो एक मिनिटाचा धडा त्या घरास किती उपयोगी पडता! २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने घराच्या छपरावरील सौरविजेसाठी ‘सूर्यघर’ योजना सुरू केली, व तीन किलोवॉट अगर अधिक क्षमतेच्या संचास ७८ हजार रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले. तेव्हापासून हा विषय मध्यमवर्गीय घरांच्या उंबऱ्यापर्यंत आला आहे. अशा वेळी पाहिलेल्या वस्तूविषयी प्रश्न विचारता न येणे हे केवळ अज्ञान राहत नाही; त्यास रोख किंमत पडते.

म्हणून आमचे असे सुचविणे आहे की, अशा प्रवासास घरातील सर्वांनी जावे, आणि प्रत्येकाने आपापल्या अधिकाराचा प्रश्न बरोबर न्यावा. आजोबांनी हिशेब विचारावा: किती लागले, किती वर्षांत फिटते, दुरुस्ती कोण करतो? घरातील स्त्रियांनी वापर विचारावा. खरकट्यापासून वायू करण्याचे घरगुती यंत्र पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने लोकांपुढे आणले व २००६ साली त्यास इंग्लंडातील ॲश्डेन पारितोषिक मिळाले. परंतु अशा यंत्रात रोज काय घालावयाचे, काय घालावयाचे नाही, वास येतो की नाही, थंडीत वायू कमी निघतो काय, हे प्रश्न जी रोज स्वयंपाक करते तिलाच नेमके सुचतात. तिला बाहेर उभी करून पुरुषांनी यंत्र पाहून येणे म्हणजे वराला न विचारता विहीणभोजन उरकण्यासारखे आहे. मुलांनी ‘का’ विचारावे. त्यांस दुसरे काही शिकवावे लागत नाही, फक्त गप्प बसविता कामा नये.

स्थळांच्या चालकांसही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पाहुण्यांस फिरवून आणणारा मनुष्य त्याच गावचा असावा. जमीन कोणाची होती, भाडे कोणास मिळते, रस्ता झाला तो कोणाच्या कामी आला, हे त्याच्यासारखे दुसऱ्यास सांगता येणार नाही. आणि सांगण्याबद्दल त्यास योग्य वेतन मिळावे. दुसरे, संख्येस मर्यादा असावी. साताऱ्याजवळच असलेल्या कासच्या पुष्पपठाराचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाल्यावर तेथे एवढी झुंबड उडाली की, फुले पायदळी जाऊ नयेत म्हणून प्रवेशशुल्क व दिवसाच्या माणसांची मर्यादा ठरवावी लागली. जे पठार शिकविणार तेच तुडविले गेले तर शिकवील कोण? आणि तिसरे, वेल्सच्या त्या केंद्राची आठवण ठेवावी. शाळांनी वर्षाच्या आरंभीच आपल्या फेऱ्या ठरवून द्याव्या, साखर कारखाने, पतपेढ्या व ग्रामपंचायती यांनी थोडा भार उचलावा, आणि कुटुंबांनी तासभराच्या मार्गदर्शनास पैसे देताना कपाळाला आठ्या घालू नयेत. कणसावर शंभर रुपये सहज जातात. समजावून सांगणाऱ्यास पन्नास देताना मात्र आपणांस काटकसर आठवते.

येत्या सुटीत जे कोणी अशा स्थळी जातील त्यांस आमची एवढीच विनंती. जाताना विजेचे बिल, एक वही व एक घड्याळ बरोबर घ्यावे. तेथे निदान एक गोष्ट मोजावी, एक गोष्ट हिशेबात उतरवावी, आणि तेथील माणसास ‘येथे काय बिघडते?’ असे अवश्य विचारावे. घरी आल्यावर आठ दिवसांच्या आत आपल्या गच्चीवर सकाळी, दुपारी व संध्याकाळी जाऊन कोणाची सावली कोठवर येते ते मुलांकडून खडूने आखून घ्यावे. त्या खडूच्या तीन रेघा ज्या घरात उमटतील त्या घराचा प्रवास शैक्षणिक झाला, असे आम्ही खुशाल समजू.